लेक पिकअपमधूनच आणणार

३ नोव्हेंबर, सोमवार
आज निश्चय. अमावस्येच्या आत पूनमला आणि लेकीला अक्कलकोटहून घरी आणायचं, तेही माझ्याच पिकअपमधून. गल्लीत सांगूनही टाकलंय. लेक तीन महिन्यांची होत आली, अजून बापाच्या घरात पाऊल नाही. घर खायला उठतं. पूनमची एकच अट: आधी गाडीचे धक्के घालवा. बाळंतपणाला माहेरी जाताना हायवेवर तिचे दात वाजले म्हणे. अतिशयोक्ती. गाडी फक्त सहा इंच उचलून घेतलीय.

५ नोव्हेंबर, बुधवार
हाशम मिस्त्री म्हणाले, लिफ्ट किट काढा, मूळ स्प्रिंगा बसवा. म्हणजे गाडी पुन्हा चारचौघांसारखी! माणूस चांगला, पण व्हिजन नाही. टायरची हवा कमी केली की झालं. साधं सायन्स आहे.

संध्याकाळी
हवा जरा जास्तच कमी झाली. वळसंगजवळ टायर रिमवरून निघाला. प्रयोगात असं व्हायचंच.

९ नोव्हेंबर, रविवार
आमच्या चादरींच्या दुकानातल्या सहा चादरी घडी करून सीटवर घातल्या. काय मऊ! फक्त डोकं टपाला लागतं. खड्ड्यात दोनदा. मान वळत नाही. पूनमला फोनवर सांगितलं, काम नव्वद टक्के झालं. पलीकडे लेक रडत होती. मीही थोडा रडलो. मानेमुळे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मागे वजन असलं की पिकअप शांत चालते. वाळूची पोती टाकली. खरंच शांत! होटगी रोडला स्पीडब्रेकरवर मागचा फाळका उघडला आणि पोती रस्त्यावर. मागचा मोटारसायकलवाला कन्नडमध्ये बरंच बोलला. कन्नड येत नाही ते बरं.

१६ नोव्हेंबर, रविवार
अक्कलकोटला ट्रायल. सासूबाई स्वतः बसल्या. बारशाला बाळासारखा दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून दिला होता, तोच वरवंटा मांडीवर घेऊन. म्हणाल्या, आदी ह्यो नीट निजू द्या, मग नात पाटवते.
चादरींवर सासूबाई खूश दिसल्या. मग पुलाचा जॉइंट आला. वरवंटा उडाला, डॅशबोर्डवर आपटला आणि माझ्या डाव्या पायावर आला. दोन बोटं मोडली. सासूबाई म्हणाल्या, दगूड हाय म्हनून वाचला की.
हरलो. हाशम मिस्त्रींना फोन केला, काढा ती लिफ्ट. म्हणाले, गाडी घेऊन या. कशी नेऊ? क्लच दाबता येत नाही. तीन दिवसांनी अमावस्या लागते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लेक घरी आली. एसटीने. मीही त्याच एसटीत, पाय प्लास्टरमध्ये. खिडक्या खडखडत होत्या आणि ती पूनमच्या मांडीवर गाढ झोपली होती. एवढा वेळ तिच्याजवळ कधी बसलोच नव्हतो. रडू काही आवरेना. जरा माझ्याकडे दे म्हणालो.
पूनम म्हणाली, नको, उठंल ती. तुमी लई हलताय.