साहेबांचं ग्रंथालय

३ मार्च
घर कसलं, गावच! चौदा मजले, राहणारी माणसं पाच, राबणारी दोनशे. वीज, बंदर, दोन वर्तमानपत्रं — सगळं साहेबांचं. आणि मला नेमलंय त्यांचं ग्रंथालय लावायला. सरकत्या शिडीवर चढले, चहूकडे पाहिलं, आणि वासलेला आ मिटेचना.

८ मार्च
आज मागच्या भिंतीतली कपाटं उघडली. सगळी डाव्या विचारांची पुस्तकं! कामगारांचे लढे, भांडवलाची चिरफाड, संपांचे इतिहास. समासात साहेबांच्या बारीक पेन्सिलनोंदी. घरी दादाला सांगितलं. तो बंदरावरच्या संघटनेत आहे. म्हणाला, "आम्ही चार पानं वाचून भाषणं ठोकतो, आणि हा गडी सगळं कोळून प्यायलाय!"

११ मार्च
साहेब स्वतः आले. ऐंशीच्या घरातले, पायांत नुसते मोजे. धीर करून विचारलं — हे पटतं तुम्हाला?
"बरंचसं. म्हणून तर जपून असतो," म्हणाले. आणि हसले.
एवढी सत्ता, वर एवढी अक्कल!

१९ मार्च
धुलाईघरातल्या मावशींचा हात वाफेच्या इस्त्रीत भाजला. मॅनेजरनी कायमचं घरी बसायला सांगितलं. पंचवीस वर्षांची नोकरी!

२० मार्च
सकाळी नऊला सगळं थांबलं. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. स्वयंपाकी, माळी, लिफ्टवाले, पहारेकरी — सगळे येऊन जिन्यावर बसले. पंप बंद. शेगड्या थंड. चौदा मजली घर असं गप्प की माझा श्वास मला ऐकू यायला लागला.

मी मात्र शिडीवरच. खाली उतरले नाही. खरं काय ते लिहावं — भ्याले.

साहेब दारात येऊन उभे राहिले. कान देऊन. चेहऱ्यावर राग नाही — नवल!
"साठ वर्षं नुसतं वाचलं होतं हे," म्हणाले.

दुपारी मावशींना परत घेतलं. उपचारही साहेबांकडून. तीन तासांत!

२३ मार्च
मॅनेजरना दादाचं कळलं. मला बोलावून म्हणाले, "संपामागचं डोकं तुमचंच!" माझं? मी तर जागची हललेही नव्हते! सांगितलं तसं. ऐकतो कोण. उद्या सामान घेऊन जा म्हणाले.

२४ मार्च
सामान आणायला गेले, तर फाटकाबाहेर सगळे दोनशे उभे! पट्टी बांधलेला हात वर करून मावशी मॅनेजरना ठणकावत होत्या, "ही आत गेली तरच आम्ही जाऊ." मला रडूच कोसळलं. म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी तर तुमच्यात —
"ठाऊक आहे गं. आज उभी राहा."