एक वीत रिकामा दोरा

इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या बाया, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज मुलीचं लग्न जमतं की नाही या काळजीने हातातलं फूल विसरून का बसतात? मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर झाले, तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पण हे मृत्युपत्र त्या प्रश्नामुळेच लिहावं लागत आहे, म्हणून तो आधी नोंदवते.

मी, प्रियदर्शनी शेषराव होले, वय चोवीस, राहणार नांदगाव पेठजवळ, जिल्हा अमरावती, हे राजीखुशीने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. आईने घाबरून नारळ फोडू नये. डोकंही ठिकाणावर आहे. याबाबत माझा मोठा भाऊ कुलदीप याचं मत आज सकाळी साडेअकरापासून वेगळं झालं असून तो समोरच्या पानठेल्यावर पाठ करून उभा आहे.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो, हे बाहेर बसणाऱ्या अर्जनवीस काकांना विचारून घेतलं आहे. हातात होता तोच पाठकोरा कागद वापरत आहे. तो कशाचा आहे ते पुढे येईल.

कलम १. माझा जुना लॅपटॉप आणि त्यातले सहा इंग्रजी सिनेमे आत्या सुंदराबाई यांना मिळावेत. आमचा फुलांचा मळा आहे. सोमवारच्या बाजारासाठी रविवारी दुपारी आत्या, आई आणि शेजारच्या दोघीजणी हार ओवतात. मैत्रीण सीमाने हे सिनेमे दिले तेव्हापासून मी लॅपटॉप पालथ्या क्रेटवर ठेवते आणि पडद्यावरची माणसं बोलतील तसं वऱ्हाडीत सांगत जाते. घोड्यावरून कोणी रुबाबदार मालक आला की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याचं वावर ओलिताचं हाय का कोरडवाहू?" मागे हिरव्यागार टेकड्या दिसतात, म्हणून मी ओलिताचं सांगते. "मंग एवढं तोंड पाडून काहून बसला?" बंगल्यात रांगेने नाच सुरू झाला की आई म्हणते, "भुलाबाईचा फेर खेयून राह्यले." आणि नायिका झग्याची किनार चिखलात भरवत पायीच निघाली की चौघी एकमताने तिला आपल्यातली ठरवतात.

आत्याला लॅपटॉप सुरू करता येतो. बंद करता येत नाही. ते कुलदीपच्या मुलीने, अपेक्षाने करावं.

कलम २. अमरावतीच्या फूलबाजारातले व्यापारी चंदनभाऊ यांना माझ्याकडून लेखी माफी मिळावी. दसऱ्याच्या आधी आमच्या शेवंतीच्या काही हारांत मध्येच एक वीत दोरा रिकामा निघाला. ते आईला म्हणाले, "मावशी, देवीच्या गळ्यात अर्धा हार अन् अर्धी सुतळी टाकू का?" खरं कारण आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. चौथ्या सिनेमात मालक बागेत उभा राहून मुलीला लग्नाचं विचारतो आणि ती नाही म्हणते. त्या तीन मिनिटांत चारही सुया हवेतच चालल्या. दोरा ओढला गेला, फूल एकही शिरलं नाही.

माझा अंदाज असा की गोडी त्याच जागेत आहे. मुलगी नाही म्हणते, आणि घर पडत नाही. कोणी विहिरीकडे धावत नाही. तो माणूस उभा राहून ऐकून घेतो, आणि पुढचा तासभर तीच नायिका राहते. आत्याला हे पटत नाही. तिच्या मते गोडी त्या बायांच्या टोप्यांत आहे.

कलम ३. पदवीदानाचा माझा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहावा. मी गेल्यावर त्याला हार घालायचाच असेल तर आधी नीट तपासून घालावा.

कलम ४. कुलदीपवरचा एक जुना राग या मृत्युपत्राने मिटवत आहे. "गोऱ्यायच्या लग्नाचं तुमाले काय पडलं?" असं तो दर रविवारी म्हणतो आणि दारामागे उभा राहून पाहतो. लॅपटॉपवर त्याची सावली पडते. त्याने खुर्ची घेऊन बसावं.

कलम ५. वावराबाबत. बाबा गेल्या वर्षी गेले. तीन एकरांच्या सातबाऱ्यावर आई, कुलदीप आणि मी, अशी तीन नावं लागली. आमच्याकडे यानंतर बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि भाऊ तिला साडी घेतो. कुलदीपने जांभळी साडी आणली. रंग त्याने स्वतः निवडला होता. म्हणाला, "सगळ्याच बहिणी देतात प्रिया. आत्यानं नाई देल्लं का? तू उद्या लगन करून अकोल्याले जाशीन, अन् वावर परक्याच्या घरात जाईन."

तो लबाड नाही. ते वावर तोच वाहतो-पेरतो. मी बरं म्हटलं.

मग परवाचा रविवार आला. सहाव्या सिनेमात म्हातारा मरतो, त्याचं मृत्युपत्र वाचतात, घर लांबच्या पुतण्याला जातं आणि मुली पेट्या भरतात. आत्याने विचारलं, "त्यायच्यातबी हक्कसोड असते का वं?"

"नाही आत्या. तिथं पोरीची सहीच लागत नव्हती."

"मंग आपलं बरं हाय. आपल्याले सही मांगतात." तिने दोन फुलं ओवली. "मांगतात म्हंजे नाई म्हनता येत असन."

आत्याने तीस वर्षांपूर्वी सही केली. विधवा होऊन अकोल्याहून परत आली तेव्हापासून ती मागच्या खोलीत राहते, आणि तिथे खिळा ठोकायचा तरी कुलदीपला विचारते. त्याने कधी नाही म्हटलेलं नाही. तरी ती विचारते.

म्हणून माझा तिसरा हिस्सा मी मरेपर्यंत माझाच राहील. माझ्यानंतर तो कुलदीपची मुलगी अपेक्षा, वय चार, हिला मिळावा. म्हणजे परक्याच्या घरात जाण्याचा प्रश्न मिटला. कुलदीपने तो आजच्यासारखाच वाहावा. अपेक्षाकडे हक्कसोड मागणाऱ्याने आधी सहाही सिनेमे एका बैठकीत, मी वऱ्हाडीत न सांगता, पाहावेत.

कलम ६. आज काय झालं. जांभळी साडी नेसून मी कुलदीपबरोबर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आले. साक्षीला त्याने मित्र बंडू आणि रोहित यांना आणलं होतं. आमचा नंबर लागला. आतल्या मॅडमनी विचारलं, "हक्क स्वखुशीने सोडता ना?"

कोणी मला असं समोर बसवून पहिल्यांदाच विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही."

छत जागेवर राहिलं. मॅडमनी हक्कसोडीचा मसुदा परत दिला आणि पुढचा नंबर पुकारला. त्याच मसुद्याच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या बाकावर बसून, मी हे लिहीत आहे.

कुलदीप आत्ताच पानठेल्यावरून आला. उभ्यानेच वाचलं. अपेक्षाच्या नावाशी थांबला, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मी आत्याले कवा नाई म्हनलं?"

"कधीच नाही, दादा."

"मंग हे खिळ्याचं काहून लेयलं?"

 त्याने कागद बाकावर सरळ करून ठेवला. मग बंडूकडे वळला. "चहा तं तुमी पेलेच. सह्या करून द्या आता." आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "थे बागेतली शेवटी त्याले हो म्हनते का? मले तवा मोटर बंद कराले जा लागलं."

कलम ७. खिळ्याबाबत वारसांना काही करायचं उरलेलं नाही. आज सकाळी निघण्याआधी तो मी मागच्या खोलीत ठोकला, कोणालाही न विचारता. आत्याने त्यावर आरसा टांगला आहे.

ठिकाण: अमरावती
मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: प्रियदर्शनी शेषराव होले (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. बंडू (सही)
२. रोहित (सही, आलो होतो दुसऱ्या कागदासाठी)