मिठाची पुरचुंडी

विनिपेग, कॅनडा
जानेवारी

प्रिय आईस,

लांबूनच पाया पडते. पत्र लिहितेय, कारण हल्ली तुला फोन केला की शेजारची संचिताच उचलते आणि शेजारी बसून सगळं ऐकते.

मी मजेत आहे. बाहेर बर्फ असला तरी घर उबदार असतं. इथे ऐन थंडीत कुणाची वीज तोडत नाहीत. तिकडे वायरमन समोरच्या बंद फ्लॅटचं मीटर तोडायला आला आणि तुझं तोडून गेला. दोन दिवस वीज नव्हती, तरी मला म्हणालीस सगळं ठीक आहे. खरं काय ते संचिताने सांगितलं.

तिने तुला तिच्याकडे झोपायला नेलं, बरं केलं. मी पाठवलेलं विजेवर तापणारं पांघरूण घरी घडीतच पडून राहिलं, आणि तिने तव्यावर मीठ भाजून पुरचुंडीने तुझे गुडघे शेकले. मला फोटोही पाठवला. किती सुखाने डोळे मिटलेयस गं. मीठ भाजायला मला तू शिकवलेलंस. तिला कधी शिकवलंस?

मीटर जोडून दिलं का? शहाडला पहाटे नदीवरचा वारा झोंबतो, कान बांधत जा. पुन्हा वीज गेली तर सरळ तिच्याकडे जा.

फक्त एक, तुझा डावा गुडघा जास्त दुखतो हे तिला सांगू नकोस. तेवढं माझ्याकडे राहू दे.

तुझी मुलगी,
ऐश्वर्या

ता.क. थंडी फारच वाढली तर सांग तिला.