चालत आलेला मयत

सोमवार, १४ जानेवारी २०१९

आज मयत स्वतः चालत आला!

सकाळी साडेनऊला रोलान्दो माझ्या खोलीत आला. शवागाराचं सगळं तोच बघतो, माझ्या आधीपासून इथे आहे आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेष कधी हलत नाही. म्हणाला, "बाई, आपल्याकडे सगळे आडवे येतात. हा पहिलाच उभा आलाय."

बाहेर बाकावर चाळिशीचा एक उंच माणूस. टोपी हातात. शेजारी लालबुंद गालांची एक ठेंगणी बाई, नोएमी. दोघं लग्नाची तारीख घ्यायला नोंदणी कार्यालयात गेली होती. खिडकीवरच्या मुलीने त्याचं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की आपण २००१ साली वारलात. हा म्हणे, नाही वारलो. तर ती म्हणाली, मग दुरुस्तीचा अर्ज करा. पण मयताला स्वतः अर्ज करता येत नाही, जवळचा नातेवाईक आणा!

मी हसत सुटले. नोएमीही हसायला लागली. हसता हसताच त्यांनी आणलेला मृत्यूचा दाखला हातात घेतला. एलिसेओ चिगुआय, वय २३, बुडून मृत्यू. खाली ओळख पटवणाऱ्या डॉक्टरची सही.

सही माझी आहे.

मंगळवार, १५ जानेवारी

जुनी फाईल काढली. कागद पिवळे पडलेत, पण मला तो दिवस कालच्यासारखा आठवतो. ऑगस्ट २००१. मी सव्वीस वर्षांची, नोकरीला दोन महिने झालेले, वरिष्ठ रजेवर. बेटाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर एक देह लागला. दोन-अडीच महिने पाण्यात. बोटांचे ठसे घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण अंगातला स्वेटर जवळजवळ शाबूत! घरी कातलेली जाड लोकर, तेलकट, तिला समुद्र काय करणार.

आमच्या चिलोए बेटावर बायका एकमेकींचं विणकाम अक्षरासारखं ओळखतात. स्वेटर चर्चच्या सभागृहात मांडला. पाच बायका आल्या, पाचही जणी काठ उलटून म्हणाल्या, हा एदेल्मीराचा हात. एदेल्मीराला बोलावलं. विधवा बाई, एकुलता मुलगा मेंढ्यांची लोकर कातरायला अर्जेंटिनाला म्हणून घरातून निघालेला, त्याचा पत्ता नाही. तिने स्वेटर पाहिला, देहही पाहायचाच म्हणून हटून बसली, पाहिला आणि म्हणाली, माझा आहे. मी सही केली.

स्वेटर खरा होता. विणणारी खरी होती. माणूस तेवढा चुकला!

गुरुवार, १७ जानेवारी

एलिसेओला तपासलं. दहाही बोटांचे ठसे घेतले. अठराव्या वर्षी ओळखपत्रासाठी दिलेले ठसे राजधानीहून मागवलेत. छान तब्येत आहे. मयताचा रक्तदाब मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतला. एकशे वीस-ऐंशी. माझा त्याहून वाईट आहे.

इतकी वर्षं होता कुठे? पलीकडेच, अर्जेंटिनात, मेंढ्यांत. म्हणाला, पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून आलो नाही. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. मग सवय झाली. नोएमी तिथे कातरणाऱ्यांच्या टोळीचा स्वयंपाक करायची. तिने अट घातली, आईपासून तोंड लपवणाऱ्या माणसाशी मी लग्न करणार नाही. आणि दंडाला धरून आणला.

स्वेटरचं विचारलं. घरातून निघाला तेव्हा तो दक्षिणेच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत पत्ते खेळत होता. आर्सेनिओ नावाच्या एका खलाशी पोराने त्याचा स्वेटर जिंकला. त्या पोराच्या अंगात नुसता सदरा होता, जूनच्या थंडीत, ऐन हिवाळ्यात.

"हा पत्त्यांत हरला?" नोएमी म्हणाली. "मी सहा वर्षांत याला एकदाही हरताना पाहिलेलं नाही."

एलिसेओ कानापर्यंत लाल झाला.

शुक्रवार, १८ जानेवारी

एक्स-रे आला. एलिसेओचा डावा हात कोपराखाली मोडून वाकडा जुळलेला आहे. बाहीतूनही कळतो, इतका. सातव्या वर्षी सफरचंदाच्या झाडावरून पडला. डॉक्टर कुठला, आईनेच फळकुटं लावून बांधला.

आणि फाईलमध्ये? देहाच्या दोन्ही हातांची हाडं सरळ. 'पूर्वी हाड मोडलं होतं का' या रकान्यात माझ्या अक्षरात, माझ्या निळ्या शाईत — 'नाही'.

मी तिला विचारलं होतं का? नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं. तिने सांगितलं असतं, हात मोडला होता, आणि मी तिथल्या तिथे थांबले असते. सभागृहात थंडी होती, बायका मोठ्याने जपमाळ म्हणत होत्या, मला घरी जायचं होतं. हाडं सरळ दिसली म्हणून रकाना मीच भरून टाकला असणार. आठवत नाही. कितीही आठवलं तरी त्या जागी काहीच नाही.

सोमवार, २१ जानेवारी

ठसे जुळले. दहापैकी दहा! रोलान्दोने एलिसेओशी हात मिळवून त्याचं अभिनंदन केलं.

पण न्यायाधीशबाईंना तेवढं पुरत नाही. हा एलिसेओ आहे हे दाखवा आणि कबरीतला एलिसेओ नाही हेही दाखवा, एका नावाची दोन माणसं मी ठेवणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे कबर उघडा, डीएनए पाठवा, आईचं रक्त घ्या. आणि फेब्रुवारीत कोर्टाला सुट्टी!

लग्न २३ फेब्रुवारीला. पाद्री त्यांच्या छोट्या बेटावर त्यानंतर थेट मे महिन्यात, आणि मेमध्ये समुद्र कोणाचंच ऐकत नाही. नोएमीचे भाऊ पलीकडून निघालेसुद्धा. मयताला बायको मिळत नाही, म्हणून एलिसेओ महिन्याभरात जिवंत व्हायलाच हवा. न्यायाधीशबाई म्हणाल्या, सुट्टीतल्या पाळीला मीच आहे, तुम्ही कागद आणा.

गुरुवार, ३१ जानेवारी

कबर उघडली. लख्ख ऊन! त्यांच्या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत एलिसेओ स्वतःच फावडं घेऊन आला होता. त्याला मनाई केली, तर कुंपणाला टेकून स्वतःच्या नावाची पाटी वाचत बसला. म्हणाला, "आईने घरातली माझी खोली कधी इतकी नीट ठेवली नव्हती."

खरंच! शिंपल्यांची किनार, निळी फुलं, पाटी दर वर्षी रंगवलेली. म्हातारी एदेल्मीरा हजर होती. सत्तरी उलटलेली, ताठ, काळं नेसलेली नाही. शेजारणी सांगत होत्या की ही कधीच काळं नेसली नाही, मुलाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि जेवताना आजतागायत त्याचं ताट मांडते. दुःखाने डोकं फिरलं, असं गाव म्हणायचं. मग गेल्या महिन्यात तो दारात उभा राहिला, तर किंचाळी नाही की मूर्च्छा नाही. म्हणाली, पाय पूस आणि बस, निवतंय!

पेटी उघडली. दोन्ही हात सरळ. मी ते हाताने चाचपून पाहिले, अठरा वर्षं उशिरा.

म्हातारीचं रक्त घेतलं. माझ्याकडे एकटक बघत होती. मला मान वर करता आली नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

आर्सेनिओ सापडला! बंदराच्या नोंदवहीत जून २००१ मध्ये एक मासेमारी बोट बुडाल्याची नोंद आहे. दोघं वाचले, तिसरा आर्सेनिओ पारेदेस, एकवीस वर्षांचा, बेपत्ता. वाढला अनाथाश्रमात. नातेवाईक या रकान्यात रेघ. आश्रमातल्या एका म्हाताऱ्या ननने त्याचा फोटो पाठवला, दात काढून हसतोय, पुढच्या दोन दातांत ही एवढी फट. कवटीतली फट आणि ही फट एकच.

एलिसेओला दाखवला. तो फोटो हातात घेऊन रडला. "हाच. जिंकल्यावर लगेच अंगात चढवला होता त्याने. बाह्यांचा वास घेत होता." मग नोएमीनेही डोळे पुसले, आणि वर मलाच चहा करून दिला, माझ्याच ऑफिसात.

बुधवार, ६ फेब्रुवारी

न्यायालयासाठी अहवाल लिहिला. शेवटचा परिच्छेद सहा वेळा खोडला. अखेर सरळ लिहिलं — 'पूर्वी मोडलेल्या हाडाबद्दल मी आईला विचारलं नाही. रकाना मी अंदाजाने भरला. चूक पूर्णपणे माझी आहे.'

रोलान्दोने वाचलं. "कोणी विचारलं होतं का तुम्हाला हे?" म्हणाला. "नाही," मी म्हटलं. "तेच तर!" आणि चिडून फरशी पुसायला गेला. स्वच्छ होती ती.

मला मात्र हलकं वाटतंय. माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक दुपारी खिडकीत उभी राहून सफरचंद खात होती. असं भाग्य आमच्या धंद्यात किती जणांना मिळतं?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

राजधानीहून उत्तर नाही. फोन केला. सुट्टीवर आहेत.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आलं! कबरीतल्या माणसाचं एदेल्मीराशी नातं शून्य. एलिसेओ तिचाच. अहवाल छातीशी धरून कोर्टात धावत गेले. वय चव्वेचाळीस, वजन सांगत नाही, आणि धावले.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

न्यायाधीशबाईंनी हुकूम वाचून दाखवला. एलिसेओ चिगुआय जिवंत आहे. माझा परिच्छेदही मोठ्याने वाचला, शब्दन् शब्द, आणि माझ्या सेवापुस्तकात ताशेरा नोंदवायला सांगितला. मी उभी राहून ऐकला. हुकूम संपल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आणि लग्नाला मला बोलावणं आहे की नाही?"

आर्सेनिओला कुठे ठेवायचं, हाही प्रश्न होता. म्हातारी मागच्या बाकावरून म्हणाली, "आहे तिथेच. जागा त्याची झालीय. पाटी तेवढी बदला."

रविवार, २४ फेब्रुवारी

काल लग्न! पाय दुखतायत, आवाज बसलाय, कुठल्यातरी काकांबरोबर चार नाच झाले, नाव विचारायचं राहिलं.

अंगणात खड्डा खणून तापलेल्या दगडांवर कुरान्तो लावला होता. शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, वर रानटी पानांचं झाकण. वाफ निघाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीने 'मरण आपल्याला वेगळं करेपर्यंत' म्हटलं तर नोएमी म्हणाली, ह्याचं मरण झालंय एकदा, ते मी मोजणार नाही. चर्च हसलं. न्यायाधीशबाई सफरचंदाची दारू तीन ग्लास प्यायल्या, हे मी कुठेही नोंदवणार नाही.

जेवायला बसलो तर टेबलाच्या टोकाला एक ताट जास्तीचं. मला वाटलं, म्हातारीची सवय सुटली नाही. एलिसेओ म्हणाला, "ते आर्सेनिओचं. आईनेच मांडलं."

नंतर म्हातारी माझ्याजवळ आली, खिशातून लोकरीचा धागा काढला, माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत धरला, गाठ मारली आणि निघून गेली.

शनिवार, ३० मार्च

एदेल्मीरामावशी आज फेरीने एकटीच आली. माझ्यासमोर बसली. कोर्टात न्यायाधीशबाईंनी माझा परिच्छेद वाचला तेव्हापासून एक गोष्ट तिच्या पोटात राहिली होती म्हणे.

"तू विचारलं होतंस, पोरी. हाड मोडलं होतं का, असं दोनदा विचारलंस. मीच नाही म्हणाले." ती म्हणाली, "हात सरळ होता. माझा नव्हे हे मला बघताक्षणी कळलं. पण ओळखणारं कोणी नसेल तर नंबर लावून खड्ड्यात टाकतात, असं तुमचा माणूस म्हणत होता. माझ्या घरचा स्वेटर घातलेल्या पोराला परका कसा म्हणू?"

हवं तर लिही, मी खोटं बोलले, म्हणाली. मग पिशवीतून राखाडी स्वेटर काढून माझ्या डोक्यातून घातला, काठ खाली ओढला. "आता तू कुठेही वाहून जा. तुला माझ्याकडेच आणतील."

ताशेरा माझ्याच नावावर राहू दे. बाह्या अगदी बरोबर बसल्यात.