निवडायचं नाही, गाळायचं नाही

शनिवार, ६ जानेवारी

माझं गाणं बंद! उद्यापासून.

ह्यांनी जेवताना सांगितलं, भाजी वाढ म्हणावं तसं. चर्चच्या मंडळीत आता फक्त शास्त्रातली, बायबलमधली स्तोत्रं गायची. पहिल्यापासून, ओळीने, दर रविवारी एक. आवडतं म्हणून निवडायचं नाही, कठीण म्हणून गाळायचं नाही. देवाची उपासना देवाने सांगितली तशी, आपल्या लहरीने नाही. हे पाळक आहेत, त्यांचं खरं असेल. मी पाळकाची बायको, आणि लोकांना चाली शिकवायच्या त्याही मीच.

विचारलं, माझ्या गाण्यात वाईट काय आहे?

म्हणाले, "गोड आहे. पण त्यात तू आहेस, तुझं दुःख आहे. देव कुठेय?"

लेक गेली तेव्हा केलेलं गाणं ते.

रविवार, ७ जानेवारी

पहिलं स्तोत्र. चाल काही बसली नाही. घड्याळदादा म्हणजे उपदेश लांबला की मनगट डोळ्यांसमोर धरून बसणारे मंडळीतले एक वडीलधारे. ते म्हणाले, नवं आहे वहिनी, होईल सवय. बेकरीवाली काकू मात्र दारातच अडली. आपलं गाणं कुठे गेलं? नवरा गेल्यापासून ती त्याच गाण्याला रडते. म्हटलं, ह्यांना विचारा. नाही विचारलं. ह्यांना कोण विचारतंय!

बुधवार, १७ जानेवारी

दिवसभर शिवण. गणवेशांचा ढीग. त्यात एक फ्रॉक आला, अगदी तिच्या मापाचा. पाय मशीनवर चालेनाच.

हे आत आले, माझा चेहरा बघितला आणि झाडांना पाणी घालायला बाहेर! झाडांना सकाळीच घातलं होतं. या घरात सगळी अळीमिळी गुपचिळी. तिला पुरून आलो तेव्हापासून ह्यांनी तिचं नाव एकदाही घेतलेलं नाही. मी घेईन असं वाटलं तरी उठून जातात.

रविवारी ते गाणं म्हणताना मला मनसोक्त रडता यायचं. लोकांना वाटायचं भक्ती. माझं रडायचं तेवढंच ठिकाण होतं. तेही काढून घेतलं. राग येतो. रागवायचाही कंटाळा येतो.

रविवार, २८ जानेवारी

चौथं. गायलं. दमले.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

या रविवारी सहावं. चाल लावायची म्हणून मशीनवरच पुस्तक उघडलं. रोज शास्त्र वाचते मी — हे काय डोळे मिटून वाचलं होतं?

कण्हून कण्हून थकलेला माणूस आहे. रडून रडून अंथरूण भिजलंय त्याचं. आणि देवालाच विचारतोय, अजून किती? कोणी त्याला गप्प बस म्हणत नाही. उलट हे लोकांनी मिळून म्हणावं म्हणून ठेवून दिलंय!

फ्रॉक बाजूला सारला आणि परत वाचलं. चाल अजून लावलेली नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

चहा घेताना हे म्हणाले, रविवारी एकदम आठवं घेऊ. सहावं-सातवं जड आहे, लोकांना झेपणार नाही.

लोकांना म्हणे!

मी सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हटलं, "निवडायचं नाही, गाळायचं नाही, हे कोणी सांगितलं?"

कपाळावर आठी. कपातला चहा गार झाला. मग अगदी हळू म्हणाले, "मला नाही वाचता येणार ते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. इतका थकलेला दिसला माणूस. म्हटलं, "मलाही जड जाईल. पण ते आपल्या आवडीवर नाही ना ठेवलेलं."

हे झाडांकडे गेले नाहीत. तिथेच बसून राहिले, गार चहा घेऊन.

रविवार, ११ फेब्रुवारी

सहावंच घेतलं. आधी ह्यांनी वाचायचं, मग आम्ही गायचं. अंथरुणाच्या ओळीपाशी ह्यांचा आवाज गेला. पुस्तक हातात, तोंड उघडं, शब्द नाही. घड्याळदादांचं मनगट मांडीवरच होतं.

मला बघवेना. तिथूनच गायला लागले. बेकरीवाल्या काकूने आवाज मिळवला, मग बाकीच्यांनी. शेवटच्या ओळीला हेही आले — भसाडे, बेसूर. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

जाताना काकू म्हणाली, हे बरं की गं. आपल्यासारखंच कोणीतरी लिहिलंय.

सोमवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी ह्यांनी तिचं नाव घेतलं. नाव घेऊन म्हणाले, तिचं ते गाणं म्हण ना. घरी म्हणायला काय हरकत आहे?

मी तोंड उघडलं, आणि सहावंच आलं.

मग तेच म्हटलं. दोघांनी.