गुन्हेगाराचे नाव लिहू नये

बाबा, तुमच्या वाचनालयाच्या सभासदांचा मला वीट आला आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तुमच्या खुर्चीवर मी बसते, आणि महाल भागातल्या त्या दोन खोल्यांत सध्या एकाच गोष्टीवरून भांडण चाललं आहे: लुगडेवाली बाई. भोसल्यांच्या काळातल्या नागपुरात घरोघर लुगडी विकत फिरणारी ती विधवा, बोलता बोलता चोर शोधून काढणारी. तुमच्या वेळी तिच्या कादंबऱ्यांचे चारच भाग आले होते. आता नववा येतोय, आणि तो घ्यायचा की नाही, आधीचे आठ पुढच्या कपाटात ठेवायचे की मागे टाकायचे, यासाठी गेल्या रविवारी सभा घ्यावी लागली. त्या सभेत जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. खरं म्हणजे एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे, पण आधी माझा त्रागा ऐकून घ्या.

इतिहासाचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या भागात बाई सकाळी उठून चहा पिते, त्या काळी घरोघर चहा कुठला? एवढ्यावरून त्यांनी आठही भाग बाद केले, आणि तरी आठही वाचले. सक्करदऱ्याहून स्कूटीवर येणाऱ्या काकू मात्र नवव्या भागासाठी महिनाभर माझं डोकं खातायत. खून नको, रक्त नको, माणसं जेवतात-खातात, भांडतात आणि शेवटी चोर रडतो, एवढंच त्यांना हवं आहे. सभेत त्या सरळ म्हणाल्या, "मले खून कायले पाह्यजे? घरी काय कमी टेन्शन आहे?" कुणाला पुस्तक फार गोड वाटतं, कुणाला फार हळू. आणि हे सगळं तोंडानं बोलून भागत नाही, पुस्तकामागच्या तुमच्या कागदावरही लिहितात. दुसऱ्या भागाच्या कागदावर एकीनं लिहिलंय, "गोळाभात यातल्यासारखा केला, जमला." त्याखाली एकानं, "हे पाककृतीचं पुस्तक आहे काय?" त्याखाली तिसऱ्यानं, "नसेल आवडत तर वाचू नका ना." मी रोज खोडरबर घेऊन बसते. ग्रंथपाल म्हणून नेमलं की बालवाडीची बाई म्हणून, कळत नाही.

हा कागद तुमचाच उद्योग. तुमचा हातमाग बंद पडला आणि तुम्ही वाचनालयात पुस्तकं शिवायला आणि सांभाळायला लागलात. लोक समासात लिहायचे, ते तुम्हाला सहन व्हायचं नाही. ओरडून उपयोग होईना, तेव्हा तुम्ही प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद शिवून द्यायला लागलात. टाका घालून दोऱ्याला गाठ अशी मारायचात की ती बोटालाही लागायची नाही. कागदाच्या वर तुमच्या अक्षरात दोन ओळी: मत लिहावे. गुन्हेगाराचे नाव लिहू नये. कुणी लिहिलंच, तर पुस्तक परत आल्याबरोबर आधी ते खोडायचं, मगच फळीवर ठेवायचं. मी सातवीत असताना शेजारच्या ताईला एका पुस्तकातला खुनी सांगून टाकला होता, आठवतं? तुम्ही मारलं नाहीत, हातातलं काम खाली ठेवलंत. "दुसऱ्याच्या ताटातला घास उचलला वं तू," एवढंच म्हणालात, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाहीत.

आता ती गोष्ट. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मला तुमची आवड बघून लाज वाटायची. मी मराठीत एम.ए. केलेलं, आणि माझे वडील लुगडेवालीच्या गोष्टी मागतात. दिसत नव्हतं तुम्हाला, म्हणून मी रोज चार पानं वाचून दाखवायची, तीही घाईघाईनं. चौथा भाग चालू होता, लग्नघरातून नवरीचा शालू नाहीसा होतो तो. तुमची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. मी पोळ्या लाटून राहिले आहे, हाताला पीठ, तवा तापलेला, आणि तुम्ही तिसऱ्यांदा विचारता, आज वाचतेस का? मी तशीच येते, पिठाच्या बोटांनी पुस्तक उचलते, सरळ शेवटचा कागद काढते. तिथे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, कारण तुम्ही आजारी पडल्यापासून कुणी खोडलेलंच नाही. मी मोठ्यानं वाचते, "दिवाणजीच्या मेहुण्याने चोरला. झालं, बाबा. संपलं पुस्तक."

तुम्ही म्हणालात, "तो नसन वं. तिले त्याच्यावर एवढ्या लवकर शक येऊन राहिला, म्हणजे तो नाही." मी म्हटलं, छापलंय तसं. तुम्ही म्हणालात, "असन मग," आणि भिंतीकडे तोंड केलंत. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. पुस्तक मी फळीवर ठेवलं ते पुन्हा उघडलं नाही, खोडायलासुद्धा नाही, आणि त्यानंतर त्या मालिकेवर जितकं वाईट बोलता येईल तितकं बोलत आले.

तर रविवारची सभा. आपले रिटायर्ड पोस्टमास्तर, जे तुमच्या काळीही यायचे, उभे राहिले आणि म्हणाले की ही मालिका भिकार आहे, कारण चोर लगेच कळतो. मी सहज विचारलं, शेवट तरी कसे वाटले? तर म्हणतात, "म्याडम, मी तीस पानाच्या पुढं जातच नाही. चोर तिथंच समजून जाते. कागदावर नाव लिहून मोकळा होतो." मी विचारलं, चौथ्या भागातही? म्हणाले, सगळ्याच भागांत. लोक हसले. मला त्या माणसाच्या डोक्यात हजेरीपट घालावासा वाटला, आणि लगेच कळलं की चूक त्यांची नाही. त्यांनी फक्त अंदाज लिहिला होता. छापलंय म्हणणारी मी होते.

दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असतं. सोमवारी आणि मंगळवारी मी घरी गेले नाही, आतून कडी लावून चौथा भाग पहिल्या पानापासून वाचला. काही पानांवर अजून पिठाचे डाग आहेत. चहा त्यातही आहेच, मास्तरांचं खरं आहे. जेवणंही फार आहेत. पण शालूचा पदर ती बाई उलटा करून मागच्या बाजूचे धागे बघते ना, ती तीन पानं तुम्हाला ऐकवायला हवी होती. त्या पानांवर तुम्ही मला थांबवलं असतंत, आणि मागावर हे कसं होतं ते हातानं दाखवलं असतंत. मी ती पानं ओलांडून शेवटाला गेले होते.

नववा भाग मागवला आहे. पुढच्या कपाटातच राहतील सगळे, कुणाला काय बोलायचं ते बोलू दे. पोस्टमास्तरांची ओळ मी तुमच्या खोडरबरानं खोडली. अकरा वर्षांची पेन्सिल पूर्ण जात नाही. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते माझ्या ड्रॉवरमध्ये राहील.

मेहुणा नव्हता, बाबा. तुमचं बरोबर होतं. खरं नाव सांगायलाच लिहायला बसले होते, पण ते मी इथे लिहीत नाही.