आधी मला विचारायचं होतं

शनिवार, १४ नोव्हेंबर
सकाळी

प्रिय दादा,

नमस्कार. एरवी मी "पाया पडते" असं लिहिते, पण पुढे जे लिहिणार आहे ते वाकून लिहिण्यासारखं नाही, तेव्हा आज नमस्कारावर भागवून घे.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिने विणलेला स्वेटर मिळाला. आत्ता तोच अंगात आहे, त्याच्या आत आणखी एक आहे, आणि समोरच्या गॅलरीत शेजारीण बिनबाह्यांच्या झग्यात कपडे वाळत घालते आहे. आम्हा दोघींकडे एकदम कुणी पाहिलं तर ऋतू कोणता ते त्याला कळायचं नाही.

बाकी माझं बरं चाललंय. बरं म्हणजे, तुला माहीत आहे तसं. गोळी रोज घेते, उठल्या उठल्या, उपाशीपोटी. थायरॉइडचा रिपोर्ट पुन्हा चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आकडा अगदी हवा तिथे आहे. आकडा असेल, मी नाही. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता अडकतो, सकाळी चेहरा सुजलेला असतो, आणि भरपूर झोपूनही अंग ओल्या गादीसारखं उचलावं लागतं. बोलता बोलता साधे शब्द हरवतात. एकदा वर्गात "टॉवेल" आठवेना, "ते अंग पुसायचं" म्हणाले. बायका हसल्या, मीही हसले. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, व्यायाम करत जा, मन रमवा. पोहायला शिकवणाऱ्या बाईला व्यायाम करा म्हणणारा माणूस माझे कागद तरी वाचतो का, असं मनात आलं.

फोन न करता लिहिते आहे, कारण हल्ली आवाज घोगरा येतो आणि तू पहिल्याच वाक्याला "रडतेस का?" म्हणून विचारतोस. मग मी काहीही बोलले तरी ते रडणाऱ्या माणसाचं बोलणं ठरतं. कागदाचा घसा बसत नाही.

आता कामाची बातमी. मागच्या महिन्यात तलावाच्या व्यवस्थापकांनी बोलावून माझी शिट्टी काढून घेतली. नवशिक्या बायकांचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे गेला आणि मी तिकीटखिडकीवर. कारण विचारलं, तर म्हणाले, तुम्हाला आरामाची गरज आहे. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस सुख वाटलं. खिडकीत ऊब होती, बसायला खुर्ची होती. पण भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज यायचा, आणि आपल्याला घराबाहेर काढून आपल्याच दारावर राखणीला बसवलंय असं वाटायचं.

माझ्या वर्गात एक बाई आहेत, साठीच्या. पाण्यात उतरल्या की काठाची दांडी सोडत नाहीत म्हणून सगळ्या त्यांना दांडीबाई म्हणतात, आणि वर्गाला मात्र त्यांनी कधी दांडी मारलेली नाही. त्या एके दिवशी खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या की नवा शिक्षक काठावरून ओरडतो, पाण्यात उतरतच नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही आजारी आहात हे आम्हाला दिसत नव्हतं का? तरी शिकत होतो ना आम्ही?"

मी खिडकी बंद केली आणि तडक वर गेले. व्यवस्थापक आधी आढेवेढे घेत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या भावाचा फोन आला होता, तुम्हाला पाण्यात उतरू देऊ नका म्हणून. घरचीच माणसं सांगतात म्हटल्यावर मी काय करणार?"

हे लिहायला मला एवढा कागद लागला, दादा.

तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मला कळतं. तू इथे आला होतास तेव्हा मी जेवता जेवता ताटावरच डुलकी घेतली. घास हातात तसाच होता. तू तो हळूच काढून ठेवलास. ही अशी पाण्यात झोपली तर, हेच तुझ्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं. म्हणून तू फोन करायच्या कितीतरी आधी मी स्वतः व्यवस्थापकांना सांगितलं होतं की माझ्या वर्गाला काठावर जीवरक्षक हवा. त्यांनी ते कानाआड केलं. तुझं मात्र एका फोनवर ऐकलं. आजार माझा, नोकरी माझी, आणि बोलणी तुम्हा दोघांची. तेव्हापासून मी धुमसते आहे.

नुसती धुमसत बसले नाही, तेही सांगते. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खुर्ची जवळ ओढून सगळं ऐकून घेतलं, पुन्हा रक्त तपासलं. लोह फारच कमी निघालं. त्याची वेगळी गोळी दिली, ती थायरॉइडच्या गोळीपासून लांबच्या वेळेला घ्यायची, नाहीतर लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाही. थायरॉइडचा डोस वाढवा म्हटलं, तर नाही म्हणाल्या, उगाच वाढवला तर छातीत धडधड सुरू होईल. आकडे बरोबर येऊनही काही जणांचा थकवा जात नाही, आणि तो का जात नाही हे अजून नीट कळलेलं नाही, असंही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "मग मी बरी होणार की नाही?"

"थोडं बरं वाटेल. सगळं जाईल असं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत."

बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. तेवढं एकदा खरंच रडले.

मग व्यवस्थापकांसमोर जाऊन बसले. म्हणाले, दिवसातून वर्ग एकच घेईन, जीवरक्षक काठावर राहील, आणि ज्या दिवशी डोकं जड असेल त्या दिवशी मीच सांगेन आणि पाण्यात उतरणार नाही. त्यांनी पगार कापला. म्हटलं, कापा, शिट्टी द्या.

काल पाण्यात उतरले. पायापासून गळ्यापर्यंतचा जाड पोहण्याचा पोशाख घातला होता, तरी दात वाजत होते. बायका म्हणाल्या, बाई उशीसारख्या दिसताय. पण आत गेल्यावर अंगाचं ओझं पाण्याने उचललं. कितीतरी दिवसांनी माझं अंग मला जड झालं नाही. घरी येऊन दिवे न लावता झोपले, आज हात वर होत नाहीत, आणि पश्चात्ताप काडीचा नाही.

वहिनीने माझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे, असं कळलं. तिला सांग, भरून टाक. मी राहायला येणार नाही. भेटायला येईन, पोटभर झोपेन, आणि परत जाईन. माझी काळजी तू करणारच, तुझा स्वभाव आहे. खुशाल कर. पण ती माझ्याजवळ बोलून कर.

रागावलेली, दमलेली आणि सोमवारी सकाळी पाण्यात असणारी,
तुझी धाकटी बहीण